राखेतली चवळी

चिंचपोकळीला आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक फोटो आहे. काळी टोपी, बसलेली गालफडं, फोटोवाल्यावर डाफरायला निघालेले डोळे. गिरणीच्या पासासाठी काढलेला फोटो मोठा करून घेतलाय, त्यामुळे नाक जरा पसरलंय. खाली रंगानं लिहिलंय, 'कै. कुशाबा परब. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अश्रुधुराने देहावसान.' दर जानेवारीत चाळीतली मंडळी हार घालतात, कुणीतरी दोन शब्द बोलतं आणि चाळीत सगळ्यात म्हातारा म्हणून नारळ माझ्या हातात देतात. मी फोडतो आणि गप्प उभा राहतो. लोकांना वाटतं, जयवंतरावांना भरून आलं.

भरून वगैरे काही येत नाही. भीती वाटते. कुशातात्या अश्रुधुरानं गेले हे साफ खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे जगात एकट्या मला ठाऊक आहे.

तात्यांची नि माझी ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा डास मारणाऱ्या पथकात होतो. खाकी अर्धी चड्डी, हातात पंप, आणि गल्लीबोळात फिरून गटारं, डबकी, विहिरी यांच्यावर फवारा मारायचा. पगार बेताचा, पण रुबाब मोठा, कारण आम्ही सरकारची माणसं. चाळीच्या मागच्या विहिरीत तेल ओतायला गेलो, तर एक म्हातारा फावडं घेऊन आडवा आला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती त्याला.

"ह्या बावीत तेल घातलंस तर तुकाच आत घालतलंय," तो म्हणाला. "आत मासे आसत माझे. डास ते खातत. तुझा सरकार काय खाता?"

विहिरीत डोकावलो तर खरंच बारीक मासे फिरत होते, आणि डासाची एक अळी दिसेल तर शपथ. मी तेलाचा डबा खाली ठेवला. त्याच रात्रीपासून याच म्हाताऱ्याच्या सुनेच्या, चंपावहिनींच्या, खाणावळीत मी जेवायला लागलो आणि वर गॅलरीत पथारी पसरायला लागलो. वहिनींचा नवरा टायफॉइडनं गेलेला. पदरात दोन मुलं आणि जेवायला अकरा गिरणीकामगार, त्यात मी बारावा. ताटातली भाजी असायची सासऱ्याच्या वाडीतली.

वाडी कसली, चाळीची मागची भिंत आणि रेल्वेचं कुंपण यांच्यामधली चिंचोळी पट्टी ती. दोन बाजा आडव्या टाकल्या तर संपेल एवढी रुंद, आणि चाळीएवढी लांब. गिरणीत कापूस पिंजणाऱ्या कार्डिंगच्या मशीननं बोटं नेली तेव्हा तात्यांनी ती पट्टी साफ केली, डबर उपसलं आणि माठ, मुळा, अळू लावला. चवळीचे वेल सुंभावरून थेट पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंत चढवले. बायका दारात उभ्या राहून हातानं शेंगा तोडायच्या. सगळ्या गिरणगावात एवढी ताजी भाजी दुसऱ्या कुणाच्या नशिबी नसेल.

सुरुवातीला मात्र तात्यांच्या हातून एक घोटाळा झाला होता, तो त्यांनी स्वतःच मला सांगितला. विहीर साफ व्हायच्या आधी ते पलीकडच्या गटाराचं पाणी घालायचे. त्या गटारात कुठल्यातरी गिरणीचं रंगाचं पाणी यायचं, कधी निळं, कधी लाल. माठ काय जोरात आला! पण तो खाऊन चाळीतली पोरं ओकायला लागली. गंगुबाईंची धाकटी तर तीन दिवस डोळे उघडत नव्हती. ती वाचली, पण तात्यांनी त्या दिवसापासून एक नेम धरला. वाडीतलं काहीही तोडलं की आधी थोडं शिजवून दुपारी स्वतः खायचं. संध्याकाळपर्यंत पोट ठीक राहिलं तरच ते दुसऱ्याच्या ताटात जायचं.

"आधी माझ्या पोटात, मगे तुमच्या," ते म्हणायचे. आम्ही हसायचो. दौलत नावाचा माझा जोडीदार तर म्हणायचा, तात्या म्हणजे संस्थानिकाच्या मुदपाकखान्यातले चाखणारे.

किडीशी लढायची त्यांची हत्यारंही अशीच. जिन्यात एक डबडं टांगलेलं. चाळीतल्या पुरुषांनी विडीची थोटकं तिथंच टाकायची, दुसरीकडे टाकलंत तर तात्यांच्या शिव्या खा. ती थोटकं भिजवून ते पाणी पानांवर मारायचं. कडुलिंबाचा पाला ठेचायचा. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे राख. शेगडीतली कोळशाची राख त्यांना चालायची नाही, लाकडाचीच लागायची. नाक्यावरच्या इराण्याच्या बेकरीची भट्टी लाकडावर चालायची, तिथून ते गोणभर राख आणायचे, वस्त्रगाळ करायचे आणि पहाटे दव असताना पानांवर फुंकरायचे. तीच राख बियाण्याच्या डब्यात. कोकणात कडधान्य राखेतच ठेवतात. खायची वेळ आली की पाखडायचं, फडक्यानं पुसायचं आणि आधणात टाकायचं. कोणी फार धुवत बसत नाही. राख म्हणजे पवित्र वस्तू, ती पोटात गेली तर काय होणार?

मी त्यांना कितीदा म्हटलं, "तात्या, माझ्या पंपानं एक हात मारू द्या. एका मिनटात खल्लास."

"तुझ्या पंपान भिंतीवरच्या पाली पडल्यो," ते म्हणायचे. "गंगुबायचा मांजर तडफडान मेला. माझ्या मातयेत ता विख नको."

हे खोटं नव्हतं. आम्ही फवारून गेलो की दोन दिवस चाळीभर उग्र वास राहायचा, ढेकूण मरायचे, लोक खूष व्हायचे. मग पाली पडायच्या. मग पाली खाल्लेली मांजरं भिंतीला घासत फिरायची आणि पाय झाडत मरायची. मी ते बघत होतो. पण लोकांना ढेकूण नको होते, मला नोकरी हवी होती, आणि मांजराचं कोण मनावर घेतं?

तात्यांची चवळी साधी नव्हती. बारीक, तांबूस दाणा. त्यांच्या आईनं मालवणाकडून बोटीनं येताना पदराच्या गाठीत आणलेलं बी. गावची जमीन भाऊबंदांनी कधीच गिळली होती. आई गेली, बायको गेली, मुलगा गेला. गावातून आलेलं हे एवढंच उरलं होतं, आणि ते दरवर्षी जमिनीतून पुन्हा वर यायचं. तात्या अर्धं बी पेरायचे आणि अर्धं राखायचे, म्हणजे पीक बुडालं तरी बी बुडत नाही. आणि काही झालं तरी राखलेल्याला हात लावायचा नाही. बी खाल्लं तर कूळ बुडतं, असं ते म्हणायचे.

छप्पन्न साल उजाडायच्या आधीचे ते महिने. नोव्हेंबरात गोळीबार झाला, मग मोर्चे, हरताळ, रोज काहीतरी. आम्ही सगळे त्यात होतो. मीही घसा बसेपर्यंत ओरडलोय, त्याची मला लाज नाही. पण इराण्याची बेकरी आठवड्यातले चार दिवस बंद राहायला लागली, आणि राख मिळेना. त्याच वेळी पेरलेल्या चवळीवर मावा पडला. काळा, चिकट. शेंडे दिसेनासे झाले. तात्या सकाळ-संध्याकाळ बोटांनी मावा चिरडत बसायचे, उरलेल्या आठ बोटांनी. थोटकांचं पाणी पुरेना. पंधरा दिवसांत वेल वाळले. एक शेंग हाती लागली नाही.

राहिला फक्त राखलेल्या बियांचा डबा. डिसेंबरात तात्यांनी तो उघडला आणि मला हाक मारली. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. वरच्या थरातल्या दाण्यांना भोकं पडली होती. जुनी राख ओलसर होऊन दबली होती, आणि तिच्यातून भुंगे चालत होते.

"नवी राख होयी रे जयवंता," ते म्हणाले. "ह्या बी गेला तर मी गेलंय."

म्हातारा माणूस तुमच्यासमोर असा बसला तर तुम्ही काय कराल? मी राख शोधायला गेलो. बेकरी बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. त्या आठवड्यात आमचं काम बंदराकडच्या एका धान्याच्या गोदामात होतं. तिथल्या मुकादमाकडे पांढुरकी पावडर होती. एक चिमूट टाक, पोत्याला वर्षभर कीड नाही, म्हणाला. मी कागदात मागून घेतली. देताना तो एवढंच बोलला, "बियाण्यालाच हां. खायच्या मालाला नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकतोय. मला सांगितलं गेलं नव्हतं असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाई लाकडावर पाणी तापवायच्या. त्यांच्याकडून दोन ओंजळी राख मागितली, तिच्यात सगळी पावडर कालवली आणि तात्यांना म्हटलं, "घ्या. भट्टीची आहे."

त्यांनी चिमटीत धरून वास घेतला. "वास येता रे."

"चाळीलाच वास येतोय तात्या. परवाच भिंती फवारल्या ना आम्ही."

तेही खरं होतं. खोटं बोलताना आजूबाजूला एखादं खरं सापडलं की फार सोपं जातं. तात्यांनी एक-एक दाणा निवडला, भोकाचे फेकले, चांगले त्या राखेत घोळवले आणि डबा बंद केला. आठ दिवसांनी उघडला तर सगळे भुंगे पाय वर करून पडलेले. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी सुखावलो. सांगायचं होतं, नाही असं नाही. पण म्हटलं, पेरणी होऊ दे. मातीत गेलं की संपलं. बियाणं खाणार कोण? आणि तात्या तर मुळीच नाहीत.

जानेवारीत दिल्लीहून रेडिओवर सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, आणि शहर पेटलं. मी त्या दिवशी शीवला होतो. संचारबंदी लागली आणि आमचं पथक तिथंच एका शेडमध्ये अडकलं. लांबून गोळीबाराचे आवाज यायचे. गिरणगावात काय चाललंय ते कुणालाच नीट कळत नव्हतं. दुकानं बंद, गिरण्या बंद, खिडकीतून डोकावलं तरी शिपाई बंदूक रोखतो, असं जो तो सांगायचा.

तिसऱ्या दिवशी आम्ही कोरडे चणे खात बसलो होतो. दौलत म्हणाला, "आमच्याकडे आता आई बियाणं काढून शिजवणार बघ. पोरं उपाशी असली की बायका देवाचे तांदूळसुद्धा सोडत नाहीत."

मी हातातले चणे खाली ठेवले. खाणावळीतली अकरा माणसं, वहिनींची दोन मुलं, तीन दिवस बाजार बंद. आणि डब्यात चवळी.

"काय झालं रे?" दौलतनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि उठून चालायला लागलो.

दादरला पोहोचेपर्यंत नशिबानं साथ दिली. मग नाक्यावर पोलिसांनी धरलं. मी सांगत होतो, घरी जायचंय, घरी विष आहे. एक जण हसला. "सगळ्यांनाच घरी जायचंय." खांद्यावर लाठी बसली आणि मला एका दुकानाच्या पडवीत इतरांबरोबर बसवून ठेवलं. रात्रभर मी तिथं बसलो. देवाला मी फारसा मानत नाही, पण त्या रात्री मागणं मागितलं. बी खाल्लं तर कूळ बुडतं, हे तात्यांना आठवू दे.

सकाळी दोन तास संचारबंदी उठली. मी दादरपासून चिंचपोकळीपर्यंत धावतच गेलो. रस्त्यात विटांचे तुकडे आणि जळलेले टायर. चाळीच्या दाराशी माणसं जमली होती. बांबू आणले होते. कोणासाठी, ते विचारायची हिंमत होईना.

खोलीत तात्यांना निजवलं होतं. एकट्या तात्यांना. मी आधी बाकीची माणसं मोजली. मुलं दोन्ही होती. वहिनी होत्या. खाणावळीतली माणसं भिंतीला टेकून बसली होती, उपाशी आणि लाल डोळ्यांची, पण जिवंत. हे मोजताना मला हायसं वाटलं. तात्या समोर पडलेले असताना मला हायसं वाटलं, हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.

चंपावहिनी रडत सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी धाकट्याला उठवेना. तात्यांनी स्वतःच डबा काढला. वहिनी म्हणाल्या, "मामंजी, बियाणं आहे ते." तर म्हणाले, "माणसा रवली तर बी पुन्हा मिळतला. शिजय." खाली नळावर नि विहिरीवर पोलीस, घरात प्यायला एक हंडा पाणी. वहिनींनी चवळी पाखडली, फडक्यानं पुसली आणि शेगडीवर चढवली. राखच ती, तिला काय धुवायचं?

"शिजली, आणि आम्ही वाढून घेणार," वहिनी म्हणाल्या, "तर मामंजींनी हात धरला. म्हणाले, आधी माझ्या पोटात. मी म्हटलं, अहो घरचं बी, घरात शिजलेलं, त्यात काय बघायचं? पोरं रडतायत. तर म्हणाले, नेम तो नेम, दिवेलागणीपर्यंत थांबा. वाटीभर खाल्ली. एवढं मोठं भगोणं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो, भावजी. मनात शिव्या दिल्या मी त्यांना. देवा, शिव्या दिल्या."

दोन तासांत त्यांचे हात थरथरायला लागले. मग आकडी आली. मग दुसरी. रस्त्यावर तेव्हाच अश्रुधुराची नळकांडी फुटली होती, खोलीत धूर भरला होता, सगळे खोकत होते. डॉक्टर आणायला कोण जाणार? दिवेलागणीच्या आधीच ते गेले.

"धूरच तो," दारातून हेमचंद्र मास्तर म्हणाले. चाळीच्या समितीचे ते पुढारी. "म्हातारं शरीर, उपाशी पोट. धुरानं घेतलं. त्यांचं नाव आपण वाया जाऊ देणार नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी तात्यांचा माणूस. मी मान हलवली. एवढंच केलं मी.

"उसळ कुठंय वहिनी?" मी विचारलं.

"मढं घरात असताना शिजलेलं कोण खातं भावजी? गेले तेव्हाच मागं ओतून दिली."

मी मागं गेलो. वाळलेल्या वेलांच्या खाली उसळ ओतलेली होती, आणि तिच्याभोवती कावळे पडले होते. सात की आठ. एकाचा पंख अजून हलत होता. सुंभाजवळ गंगुबाईंची कोंबडी चोच उघडून पडली होती. मी फावडं घेतलं, तेच फावडं, आणि खड्डा केला. सगळं आत ढकललं, वर माती ओढली. मागून वहिनींचा आवाज आला, "काय करताय?"

"चवळीचं आळं," मी म्हटलं. त्यांना आणखी रडू फुटलं.

त्या वाडीत नंतर काही धड उगवलं नाही. बाहेरच्या एकानं काही दिवस भेंडी लावून बघितली आणि मला येऊन विचारलं, तुमच्या पंपातलं जरा मिळेल का? मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोक म्हणाले, तात्यांच्या जागेवर जीव आहे यांचा. मी ती नोकरी सोडली आणि पुढं आयुष्यभर एका छापखान्यात कागद कापले. हे सांगून मी प्रायश्चित्त घेतलं असं म्हणायचं नाही मला. मी गप्प राहिलो, ते राहिलोच.

तेराव्याला चंपावहिनींनी मला बोलावलं. माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली, फडक्याला गाठ मारलेली.

"चवळी शिजायला टाकायच्या आधी मामंजींनी मूठभर बाजूला काढली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाले, जयवंतान राख आणल्यान म्हणान बी वाचला. ह्या तेकाच दी. तोच राखतलो."

मी ती घेतली. पेरायची हिंमत झाली नाही आणि फेकायला हात होईना. दरवर्षी फोटोसमोर नारळ फोडून वर येतो, दार लावतो आणि पुरचुंडी सोडून बघतो. वहिनी गेल्या, हेमचंद्र मास्तर गेले, गिरण्या गेल्या. दाणे तसेच आहेत, तांबूस, बारीक, राख लागलेले. इतक्या वर्षांत एकालाही भुंगा लागलेला नाही.